बंद म्हणजे बंद

आपल्या घरांतून ‘बंद’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा उरलेली नाही. टीव्ही बंद करा म्हटले, की त्याचा फक्त आवाज कमी होतो. भांडण बंद झाले म्हणावे, तर ते स्वयंपाकघरात भांड्यांच्या आदळआपटीत चालूच असते. या ढिलाईने संसारात फारसे बिघडत नाही. विजेपाशी मात्र ‘बंद’ म्हणजे बंदच असावे लागते. आणि ते साधायला किती जपावे लागते, हे आमच्या गच्चीवर सूर्यनारायणाची स्थापना झाल्यापासून मला रोज नव्याने पटते आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारची सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान म्हटल्यावर आमच्या आळीतल्या गच्च्या एकामागून एक निळ्याकाळ्या होऊ लागल्या. आमचीही झाली. सहा पॅनेल आली. एकेक पॅनेल जेमतेम पन्नास व्होल्टचे. पण ती एकापुढे एक जोडली, की बेरीज तीनशेच्या घरात जाते. आणि घरातला मेन स्विच खाली ओढला, तरी ऊन आहे तोवर त्या तारा जिवंतच राहतात. सूर्याला बटण नाही!

म्हणून पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये डीसी आयसोलेटर नावाचा वेगळा स्विच लागतो. आमच्या कंत्राटदाराने तिथे साधा एसी स्विच बसवायला काढला. ‘‘दिसायला सारखाच आहे, काका,’’ तो म्हणाला. दिसायला होताच. पण घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी प्रवाह असा श्वास घ्यायला थांबत नाही. ठिणगी पेटतीच राहते, स्विच वितळतो, प्रसंगी आग लागते. मी हट्ट धरला. त्याने तोंड वाकडे केले, पण डीसीचा स्विच आणला.

मग घरातली आघाडी उघडली. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर ते खोके सौभाग्यवतींना खुपू लागले. पुढे कपाट सरकवावे, असा प्रस्ताव आला. ‘‘अहो, रोज कुठे लागतो तो?’’ मी म्हटले, ‘‘रोज लागत नाही, म्हणूनच तो समोर हवा. भर दुपारी काही जळल्याचा वास आला, तर घरी तूच असतेस. मी बँकेच्या रांगेत असतो.’’ त्यावर ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र खोक्याशेजारी तिच्या टपोऱ्या अक्षरांत चिठ्ठी लागली : ‘दोन बाजूंनी वीज आहे. आधी एसी बंद, मग डीसी. वरच्या तारा तरीही चालू!’

खाली जिन्यापाशी नेट मीटर आहे. शेजारणीकडे दिलेली नि आणलेली वाटीभर साखर लक्षात ठेवावी, तसा तो गेलेली आणि आलेली वीज वेगवेगळी मोजतो. पण घरातून वीज बाहेर जाऊ शकते, म्हणजे ती खांबावरच्या माणसापर्यंतही जाऊ शकते. म्हणून बाहेरची वीज गेली, की असला इन्व्हर्टर आपण होऊन थांबतो. बॅटरी नसलेल्या आमच्या घरात मग भर उन्हात पंखा बंद पडतो. शेजारी हसतात, ‘‘डोक्यावर सूर्य आणि घरात उकाडा!’’

गेल्या वैशाखात वळवाच्या वाऱ्याने फांदी पडून तार तुटली. लाइनमन शिडी घेऊन आला. पंचविशीचा पोरगा. आमच्या गच्चीकडे बघून त्याने विचारले, ‘‘काका, तुमच्याकडून येत नाही ना?’’ इन्व्हर्टर थांबलेला आहे हे मला ठाऊक होते, त्यालाही असणार. तरी मी मीटरशेजारचा एसी आयसोलेटर त्याच्या देखत खाली ओढला. त्याने आपले कुलूप काढून त्या दांड्याला लावले, किल्ली खिशात टाकली, हातमोजे चढवले आणि तो वर गेला. तासाभराने उतरून, कुलूप काढून, पाणी पिऊन गेला.

या दिवाळीत गच्चीवर आकाशकंदील लावायला जाल, तेव्हा आपले खोके कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. दुपारी घरी असणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी.