सूरजमुखी

आमच्या शाळेत एक मुलगा आहे. केस भुरे, पापण्या भुऱ्या, कातडी इतकी गोरी की गालाखालची निळी शीर दिसावी. पाचवीत आमच्या वर्गात आला तेव्हा पोरांनी त्याचे नाव 'अंग्रेज' ठेवलेलेच होते. आम्ही (आम्ही म्हणजे एकटेच, उर्दूतला 'हम' मराठीत उतरला की असा होतो) त्या नावाला हसलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

लोटेच्या कारखान्यांपासून आमची शाळा फार लांब नाही. मैदान म्हणजे कातळ. वर आभाळ, खाली जांभा. सावली म्हणायची तर कोपऱ्यातल्या एका आंब्याची. जानेवारीत तिथे २६ तारखेच्या कवायतीची तयारी चालते. सकाळचा गारवा दहापर्यंत टिकतो, मग ऊन येते, पण ते मऊ वाटते. अशाच एका दिवशी हा मुलगा रांग सोडून आंब्याखाली जाऊन उभा राहिला. आम्ही ओरडलो. तो आला आणि पाच मिनिटांनी पुन्हा गेला. तेव्हा आम्ही त्याला शिक्षा म्हणून मैदानाच्या मधोमध उभे केले, तेही सूर्याकडे तोंड करून. तास सुटेपर्यंत तो डोळे मिटून उभा होता. आम्हाला ती मगरुरी वाटली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची दादी आली. पदर सावरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पोराला उन्हात का उभं केलंत? भाजून आलाय."

आम्ही संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. नाक, कान, मान लालभडक, खांद्यावर पाण्याने भरलेले फोड. तव्याला हात लागावा तसे. दादी त्यावर ओला कपडा ठेवत होती. आम्हाला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. कोणी एक शब्द वाकडा बोलले नाही, त्याचाच त्रास जास्त झाला.

बी. एड. ला आम्ही बालमानसशास्त्राचा पेपर दिला आहे, चांगले गुणही मिळाले आहेत. पण असे मूल वर्गात आले तर काय करायचे, हे कुठे वाचल्याचे आठवत नाही. चिपळूणच्या एका डॉक्टरांनी समजावले ते असे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. सूर्याचे अतिनील किरण ते बरेचसे अडवते. या मुलाच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. याला अल्बिनिझम म्हणतात. कोड वेगळे, हे वेगळे, आणि दोन्ही एकाचे दुसऱ्याला लागत नाही. (आमच्या गावात त्याचा पेला वेगळा ठेवणारे घर होते.) डोळ्यांतही तो रंग नसतो, म्हणून उजेड सोसत नाही आणि लांबचे नीट दिसत नाही. म्हणजे फळ्यावरचे न लिहिणारा हा मुलगा आळशी नव्हता. आणि जानेवारीच्या उन्हाबद्दल त्यांनी सांगितले ते आम्हाला नवीन होते. हवा गार असली म्हणून अतिनील किरण गार होत नाहीत. ढगांतूनही ते येतात. असे भाजणे वर्षानुवर्षे होत राहिले तर पुढे कातडीचा कर्करोग होण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट त्यांनी आवाज खाली करून सांगितली. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नांत तशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. कुणाच्या घराकडे बोट नाही. पण चुलत-मावस भावंडांची लग्ने आमच्याकडे सर्रास होतात आणि ही गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहिली.

घरी येऊन आम्ही उर्दू लुगत काढली. अशा माणसाला उर्दूत 'सूरजमुखी' म्हणतात. ज्याला सूर्याकडे तोंड करता येत नाही त्याला हे नाव! आणि आम्ही त्याला नेमके तेच करायला लावले होते.

आमच्या समाजात ऊन टाळायला शिकवतात ते मुलींना, आणि कारण एकच: काळी पडशील. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून २०२० साली 'फेअर' हा शब्द गेला. स्थळे बघणाऱ्या बायकांच्या तोंडून अजून गेलेला नाही. त्यातल्याच काही जणी या मुलाकडे बघून दादीला म्हणायच्या, "हा रंग पोरीला मिळायला हवा होता." उन्हापासून रंग वाचवायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक. कातडी वाचवायची असते हे ठाऊक असलेला माणूस आम्हाला भेटला तो फोनवर. मुलाचे वडील, कुवेतला बांधकामावर.

"सर, इथं १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते ४ उघड्यावर कामच बंद असतं. सरकारचा कायदा आहे," ते म्हणाले. "डोक्याला रुमाल गुंडाळतो तो काय शोभेला?" त्यांनी मानेपर्यंत पडदा असलेली टोपी पाठवली, काळा चष्मा पाठवला. बाकीचे डॉक्टरांनी सांगितले. एस. पी. एफ. ३० च्या वरचे मलम, बाहेर पडण्याआधी लावायचे आणि दर दोन तासांनी पुन्हा. मलम महाग, म्हणून मुख्य भरवसा कपड्यावर. गणवेशाचा पातळ पांढरा सदरा घामाने भिजला की किरण आणखी कमी अडवतो. घट्ट विणीचे गडद कापड चांगले. कापड दिव्यासमोर धरा. दिवा दिसला तर ऊनही आत येणार. मुख्याध्यापकांना सांगून आम्ही त्याला निळ्या, पुऱ्या बाह्यांच्या सदऱ्याची परवानगी मिळवली.

अडले ते छत्रीवर. महामार्गाच्या चौपदरीकरणात कडेची जुनी झाडे गेली, आणि रिक्षासाठी थांबायचे तर उघड्यावर. छत्रीशिवाय इलाज नव्हता. पण पावसाळा नसताना छत्री? "बायका घेतात," तो म्हणाला आणि हटून बसला.

त्याचे दादा हज करून आलेले. त्यांनी कपाटातून पांढरी छत्री काढली. इहराममध्ये पुरुषाला डोक्याला टेकेल असे काही घालता येत नाही, पण छत्रीला मनाई नाही. "अराफातला लाखो मर्द छत्री घेऊन उभे असतात. ते काय बायका?" दादा म्हणाले. २०२४ च्या हजमध्ये १३०१ जण मरण पावल्याचे सौदी सरकारने सांगितले, त्यात बहुतेक परवान्याविना आलेले, तंबू-सावलीशिवाय उन्हात चाललेले होते. दादांना ते आकडे पाठ होते. मुलाने छत्री उघडून बघितली, मिटली, पुन्हा उघडली.

आता कवायतीची तयारी दुपारी चारनंतर होते. सगळ्यांचीच. तो पहिल्या बाकावर बसतो. क्रिकेटमध्ये त्याला चेंडू दिसत नाही, म्हणून आंब्याखाली छत्री उघडून धावा लिहितो, वही नाकाला टेकवून. 'अंग्रेज' हे नाव काही सुटले नाही. परवा एक चौकार लिहायचा राहिला म्हणून भांडण झाले, आणि पोरे त्याला त्याच नावाने शिव्या देत होती. तो छत्री मिटून, ती काठीसारखी धरून उठला. आम्ही लांबूनच ओरडलो, "आधी छत्री उघड, मग भांड!"