झोळ

डाव्या कानात मशीन बसून आठ महिने झाले. डॉक्टरांनी विचारलं, ब्रेकर किती वर्षं चालवता? मी म्हटलं, ब्रेकर आत्ताचा, आमचं लहानपण वाघोलीतलं. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की फडताळातले डबे वाजायचे, क्रशर तर रात्रीही दळत असायचे. कान तेव्हापासूनच झिजत आला असणार. पण माझं दुखणं वेगळं आहे. प्लंबिंगमध्ये माझं जे काही नाव झालं, ते या डाव्या कानावर झालं.

चोकअप कुठं आहे ते मी ऐकून सांगायचो, चेंबरचं झाकण उघडायच्या आधी. पहारीचं एक टोक पाइपावर, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि आत कुणीतरी फ्लश ओढायचा. टाकीत पाणी मोकळं पडत असेल तर 'डुबुक' असा गोल आवाज येतो. टाकीचं तोंड बुडालेलं असेल तर घोगरा, घशात कफ असल्यासारखा. मी हे ऐकताना डोळे मिटायचो. डोळे मिटायची काही गरज नसते. लोक बघत असतात म्हणून मिटायचो.

या कानाला हरवलं ते केसनंद रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका बैठ्या घरानं. दीड गुंठ्यातलं घर, २००३ सालचं. पुढे काकू एकट्या, मागच्या दोन खोल्यांत चौघं भाडेकरू. गेली काही वर्षं दर श्रावणात काकूंचा फोन ठरलेला, "मेस्त्री, पुन्हा बोलायला लागलंय हो." फ्लश ओढला की बाथरूमच्या नाणी ट्रॅपमधून गुडगुड, आणि दोन-चार दिवसांनी तिथूनच काळं पाणी वर.

पहिल्या वर्षी स्प्रिंग मारली. दुसऱ्या वर्षी व्हेंट पाइपावरचं काऊल काढलं तर आत घरटं निघालं. मला इतका आनंद झाला की ते काकूंना दाखवून पाचशे रुपये जास्त घेतले. पुढच्या श्रावणात पुन्हा गुडगुड. मग टाकीच्या आउटलेटचा टी बदलला. मग शोषखड्ड्याला दोष दिला. तो दोष खोटा नव्हता. आमच्याकडे कुठे मुरूम लागतो, कुठे सरळ काळा कातळ. कातळात खणलेला शोषखड्डा म्हणजे हौदच, तो शोषणार काय? उन्हाळ्यात भेगांतून कसंबसं जिरतं, पावसात बाहेरचंच पाणी आत येतं. "काकू, जमिनीपुढं इलाज नाही," असं मी म्हणायचो. असं म्हटलं की माणूस शहाणा दिसतो.

पण शेजारच्या घराचा शोषखड्डाही त्याच कातळात होता आणि ते घर गप्प होतं. हे मला रात्री आठवायचं.

मधल्या काळात काकूंनी दुसऱ्यांनाही बोलावलं. कळलं तेव्हा वाईट वाटलं, तेही हरले हे कळल्यावर बरं वाटलं. एकानं ॲसिड ओतलं. मैला कुजवणारे जे जिवाणू टाकीत असतात तेच मारायचे आणि वर वॉरंटी द्यायची, याला हल्ली धंदा म्हणतात. दुसऱ्यानं सक्शनची गाडी आणली. टाकी सात बाय तीन, पाणी चार फूट, म्हणजे चोवीसशे लिटरच्या आसपास. घरात पाच माणसं, दिवसाचे पाचशे लिटर धरा. पाचव्या दिवशी टाकी भरली आणि गाडीवाल्यानं फसवलं म्हणून काकू चिडल्या. सेप्टिक टँक आउटलेटपर्यंत भरलेलाच असतो, गाडी लागते ती तळाच्या गाळासाठी, दोन-तीन वर्षांनी. हे मालकाला पटवणं पाइप बदलण्यापेक्षा अवघड. नव्या टाकीत शेण टाकणाऱ्यांशी तर मी वाद घालायचं सोडलंय. शेणानं काही बिघडत नाही, म्हणजे फारसं घडतही नाही.

२०२१ च्या जूनअखेर २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात वाघोली होती. सगळे म्हणाले, मेस्त्री, आता तुमच्या टाक्या संपल्या. बैठ्या घरांच्या गल्ल्यांवर माझं अजून चाललंय.

गेल्या वर्षी भाची हाताखाली आली. आयटीआयचा वर्षाचा प्लंबर ट्रेड केलेली, बोलायला कमी. श्रावणात काकूंचा फोन आला, आम्ही गेलो. मी पहार लावली. आत नुसती घरघर, पाइपाची की मशीनची ते कळेना. तरी डोळे मिटले.

"मामा, ही लाइन टाकली कुणी?"

"मी."

"ढाळ किती दिलाय?"

मला राग आला. दहा फुटांना तीन इंच, हे मी झोपेतही चुकणार नाही. ती काही बोलली नाही. गाडीतून लेव्हलची नळी काढली, पाणी भरलं, बुडबुडे झटकले. चेंबर ते टाकी चौदा फूट. तीन ठिकाणी उकरलं. दोन्ही टोकांना पाइप बरोबर. मधल्या खड्ड्यात तो जिथं असायला हवा त्याच्या साडेतीन इंच खाली. झोळ पडला होता, दोरीवर ओल्या लुगड्याचा पडतो तसा. पहिले सात फूट पाणी धावत उतरायचं आणि पुढचे सात फूट जवळजवळ दीड इंच चढायचं.

मग सगळं जुळलं. उन्हाळ्यात झोळातल्या पाण्यावर हवेला वाट असते, म्हणून घर गप्प. श्रावणात शोषखड्डा तुंबतो, टाकीतलं पाणी इनलेटला टेकतं, पाइपाचं तोंड बंद. फ्लशच्या पुढची हवा मागे फिरते ती नाणीतून. गल्ली ट्रॅप असता तर तिथं अडली असती, पण तो मीच घातला नव्हता, नाणीची लाइन थेट चेंबरात सोडलेली. साबण आणि तेल झोळात थर धरतं, स्प्रिंग त्यात भोक पाडते, भोक आठ दिवस टिकतं. माझा एकेक इलाज थोडा थोडा बरोबर होता. त्या लाइनवर नळी धरावी असं मात्र एकदाही मनात आलं नाही, कारण ती माझी होती.

पाइपाखाली काँक्रीटचा बेड नव्हता. क्रशरची डस्ट होती, नीट न चोपलेली. तेव्हा डस्ट मातीमोल मिळायची. बेडचे पैसे मी काकूंच्या यजमानांकडून घेतले होते की नाही, ते जुन्या वहीत असेल. वही मी शोधली नाही.

त्या दिवशी भाचीवर एकदाच ओरडलो. टाकीचं झाकण सरकवून ती आत वाकली आणि म्हणाली, "मामा, वास फारसा नाही." तिथंच माणूस फसतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच मरतं. २०२२ च्या ऑक्टोबरात वाघोलीतल्याच एका सोसायटीत मैल्याच्या टाकीत तीन कामगार गुदमरून गेले. असं माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. मी तरुणपणी दोनदा उतरलोय आणि पुढं वर्षानुवर्षं ते फुशारकीनं सांगितलंय. भाचीला नाही सांगितलं.

चार दिवसांनी नवी लाइन झाली, खाली काँक्रीट, चेंबरआधी गल्ली ट्रॅप. मी बाथरूममध्ये उभा राहिलो आणि तिला फ्लश ओढायला सांगितलं. काहीच ऐकू आलं नाही. कान चाचपला, मशीनचा दिवा लागलेला होता, तरी खात्री वाटेना. भाची आत आली, नाणीची जाळी काढली आणि टॉर्च मारला. "कानाचं राहू द्या, मामा. हे पाणी बघा." दुसऱ्यांदा फ्लश ओढला. ट्रॅपमधलं पाणी जरासं थरथरलं आणि जागच्या जागी थांबलं. मी गुडघ्यांवर बसून ते तीनदा बघितलं.

काकू चहा घेऊन आल्या. "काय निघालं हो शेवटी?"

"जमीन बसली होती, काकू," मी म्हणालो.

भाची नळीतलं पाणी ओतत होती. तिनं वर बघितलं नाही.