चोरकप्प्यातली वसीयत

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. बोलताना स्वतःला 'हम' म्हणायची घरची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही. शिवाय ही गोष्ट एकट्याची नाही, आम्हा सगळ्या भावंडांची आहे.

बी.एड.ला इंग्रजी ही आमची अध्यापन पद्धती होती. तेव्हापासून जुन्या इंग्रजी कथा वाचायचा नाद लागला. त्यात एकदा मार्गारेट ऑलिफंट या स्कॉटिश लेखिकेची 'ओल्ड लेडी मेरी' हाती आली. 1884 सालची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली भुताची कथा. पण हे भूत कुणाला घाबरवत नाही. लेडी मेरी ही ऐंशी ओलांडलेली विधवा. नवरा, मुलं सगळी आधीच गेलेली. तिनं एका अनाथ मुलीला पोटच्या नातीसारखं वाढवलेलं. वकील वसीयतीचं सुचवतात, ती हसून टाळते. मग एके दिवशी स्वतःच कागद लिहिते आणि गंमत म्हणून जुन्या इटालियन कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवून देते. कुणाला सांगत नाही. एका रात्री झोपेतच जाते.

घर वारसाकडे जातं. मुलगी उघड्यावर पडते आणि त्याच घरात आलेल्या भाडेकरूंच्या मुलांना शिकवायची नोकरी धरते. परलोकात म्हातारीला आपली चूक उमगते आणि ती परवानगी मागून परत येते. आपल्याच घरात फिरते, हाका मारते. पण जिच्यासाठी आली, तिलाच ती दिसत नाही, ऐकूही येत नाही. कागद शेवटी सापडतो, पण तो योगायोगानं. म्हातारीच्या हातून काहीच होत नाही.

ऑलिफंटबाई स्वतः विधवा होत्या. 1859 साली रोममध्ये नवरा क्षयानं गेला तेव्हा पदरात दोन लहान मुलं, तिसरं पोटात आणि डोक्यावर कर्ज. पुढं भाऊ बुडाला, तर त्याचीही मुलं त्यांनी सांभाळली. हे सगळं लेखणीच्या कमाईवर. 1897 साली वारल्या, तोवर लिहीत राहिल्या. दुसऱ्याचं ओझं उचलणं म्हणजे काय, हे ज्या बाईला रोज कळत होतं, तिनं ही कथा लिहिली. म्हणून ती आम्हाला खोटी वाटली नाही.

वाचून पुस्तक मिटलं आणि फुफीजान डोळ्यांसमोर आल्या.

आमच्या फुफीजान तरुणपणीच बेवा झाल्या. मूलबाळ नाही. गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, कुणाची शाळेची फी थकली, की लोक त्यांचंच दार वाजवत. शेजारच्या घरातली यतीम पोर त्यांनी सांभाळली. तिला सगळे छोटी म्हणत. "घराचा तिसरा हिस्सा छोटीच्या नावे लिहून ठेवते," असं त्या दर रमजानात म्हणायच्या. शरीयतप्रमाणे सांभाळलेलं मूल वारस होत नाही, पण एक-तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नुसतं लिहायचं राहिलं. त्या गेल्या आणि घर त्यांच्या एकुलत्या भावाकडे, म्हणजे आमच्या अब्बांकडे आलं. अब्बांनंतर आमच्याकडे.

छोटीनं कधी तोंड उघडलं नाही. शिवणकाम करते. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येते आणि ज्या घरात वाढली, त्या घराच्या उंबऱ्यावर पाहुण्यासारखी बसते.

आजवर आम्ही म्हणत आलो, कागद नाही, त्यामुळे कायद्यानं आमचं काही चुकत नाही. कथेतला वारसही असंच म्हणू शकला असता. पण त्याला निदान चोरकप्प्यात काय आहे ते ठाऊक नव्हतं. आम्ही तर फुफीजानचे शब्द कानांनी ऐकलेले. आमच्याकडे चोरकप्पा होता तो आमच्या छातीत, आणि त्याची किल्लीही आमच्याचजवळ होती.

फुफीजानची रूह घरात फिरत असेल, असं आम्ही मानत नाही. पण गेलेल्या माणसाला काही दुरुस्त करता येत नाही, हे मात्र त्या कथेनं पटवलं. ते जिवंत असलेल्यांनीच करायचं असतं. वारस राजी असतील तर हिबा करायला आजही कुणाची मनाई नाही.

गेल्या महिन्यात आम्ही भावंडं बसलो. बहिणीनं लगेच हो म्हटलं. मोठ्या भाईजाननी दोन दिवस मागितले आणि मग सही केली. धाकटा अजून "बघू" म्हणतोय.

तो 'बघू' आम्ही आधीही ऐकलाय. म्हणून या जुम्म्याला पुन्हा त्याच्या घरी जाणार आहोत, कागद घेऊन.