बाळांच्या प्रयोगशाळेतील माणसे

व्यापारी घरात जन्मलेल्या मुलाला गादीवर बसता बसता एक विद्या शिकावी लागते. समोरच्याने जे उच्चारले नाही ते ओळखण्याची ती विद्या. गिऱ्हाईक तोंडाने ‘भाव फार आहे’ म्हणते, पण त्याचा हात मालावरून उठत नाही. जाणता दुकानदार तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहतो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत चाळीस वर्षे घालवल्यामुळे या विद्येची थोडीफार ओळख मला आहे. परंतु ज्याच्याजवळ शब्दच नाहीत अशा सहा महिन्यांच्या बाळाचे मन जाणून घेण्यासाठी रोज पेढी उघडावी तशी प्रयोगशाळा उघडणारी माणसे मी गेल्या वर्षी प्रथम पाहिली.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या कॅनडातील एका विद्यापीठाच्या बालविकास प्रयोगशाळेत समन्वयक म्हणून काम करते. मी चिरंजीवांकडे तीन महिने राहण्यास गेलो, तेव्हा निघण्यापूर्वी बंधूंनी माझ्यावर एक कामगिरी सोपवली. तिच्यासाठी एक चांगले स्थळ आले होते. मुलाकडच्या मंडळींनी विचारले, “मुलगी एवढी शिकून परदेशात मुलेच खेळवते का?” बंधूंना उत्तर सुचले नाही. ते मला म्हणाले, “दादा, तुम्ही तिकडे जातच आहात. तिला समजावून परत आणा. इथे हिशेबाची किंवा संगणकाची एखादी नोकरी पाहू.” म्हणजे मी तेथे गेलो तो केवळ पाहुणा म्हणून नव्हे, मध्यस्थ म्हणूनही.

पुतणीने आपल्या प्राध्यापिकांची परवानगी काढून मला दोन दिवस प्रयोगशाळा दाखवली. आत जाण्याआधी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली गेली. येथे दिसलेल्या कोणत्याही कुटुंबाचे नाव बाहेर सांगणार नाही, असे त्यात लिहिले होते. बाळांच्या नोंदीवरही नाव नसते, केवळ क्रमांक असतो. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी कुलपात.

प्रयोगशाळा म्हटल्यावर काचेची नळकांडी डोळ्यांपुढे येतात. येथे एक बसण्याची खोली, धुतलेली खेळणी आणि पलीकडे मंद प्रकाशाची एक लहान खोली, एवढाच पसारा. आई बाळाला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसते. तिच्या कानांवर संगीत वाजणारे हेडफोन असतात. बाळाला ऐकू येणारे आईलाही ऐकू आले, तर तिच्या नकळत तिचे अंग हलेल आणि बाळ आईचे उत्तर देईल, स्वतःचे देणार नाही. बाळाकडे प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधन एकच, त्याची नजर. तेच ते पुन्हा पुन्हा दाखवले की बाळ कंटाळते आणि दृष्टी वळवते; काही नवे किंवा अनपेक्षित घडले की अधिक वेळ पाहत राहते. त्या पाहण्याची लांबी मोजायची.

ही मोजणी कशी होते, ते पाहून मी थक्क झालो. चित्रफितीच्या एका सेकंदात तीस चित्रे असतात. एक मुलगी संगणकासमोर बसून एकेक चित्र पुढे सरकवत बाळाचे डोळे कोठे आहेत याची नोंद करत होती. काही मिनिटांच्या फितीला तिचा दुपारचा मोठा भाग गेला. नंतर तीच फीत दुसऱ्या व्यक्तीने, पहिलीची नोंद न पाहता, पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे जुळले तरच ते खरे. बाळाला त्या वेळी नेमके काय दाखवले जात होते, हेही मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. कळले तर हवे तेच दिसू लागते. पुतणी म्हणाली, “काका, बाळ खोटं बोलत नाही. पण त्याच्या नावावर आपण खोटं बोलू शकतो. म्हणून एवढी बंधनं.”

त्या दिवशी एका पंजाबी कुटुंबातील बाळ आले होते. पहिली दोन चित्रे त्याने पाहिली आणि मोठ्याने रडू लागले. प्रयोग तेथेच थांबला. या एका भेटीसाठी आठवडाभर फोन झाले होते आणि बाळाच्या झोपेची वेळ सांभाळून दोनदा दिवस बदलला होता. कोणाच्या कपाळावर आठी दिसली नाही. आईचे आभार मानले गेले, बाळाला चित्रांचे एक पुस्तक भेट मिळाले, आणि वहीत नोंद झाली: ‘बाळ रडले, प्रयोग अपूर्ण.’ ती नोंद हिशेबात धरली जात नाही, पण खोडलीही जात नाही. आपल्या रोजकीर्दीतही झालेला व्यवहार पुसण्याची मुभा नसते. चुकलेल्या नोंदीसाठी उलट नोंद करावी लागते.

अशा चिकाटीतून काय हाती लागते, याचे एक उदाहरण आपल्या भाषांशी जोडलेले आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक सहसा ऐकू येत नाही. मग त्यांच्या बाळांना येतो का? आवाज बदलला की डोके वळवायचे, आणि बरोबर वळवले की पेटीतले खेळण्यातले प्राणी उजळून हलू लागायचे, अशी युक्ती त्यांनी वापरली. सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी घरांतील बाळे हिंदीतील हा भेद ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची बहुतेक बाळे मात्र तो ओळखेनाशी झाली होती. त्याच सुमाराच्या वयाची हिंदी घरांतील बाळे तो भेद ओळखत राहिली. म्हणजे बोलू लागण्यापूर्वीच बाळाचा कान घरातल्या भाषेसाठी घडत असतो. हे कळल्यापासून माझ्या सुनेने नातवाशी मराठीत बोलण्याचा नियम केला आहे, आणि मी रोज फोनवर त्याला ‘ताट’ आणि ‘टाळ’ ऐकवतो.

तथापि या माणसांविषयीचा माझा आदर वाढला तो यशापेक्षा एका अपयशामुळे. अमेरिकेतील येल विद्यापीठात काइली हॅम्लिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांनी २००७ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला होता. डोळे लावलेला एक लाकडी आकार टेकडी चढू पाहतो. दुसरा त्याला वर ढकलून साहाय्य करतो, तिसरा खाली लोटतो. नंतर साहाय्य करणारा व अडवणारा असे दोघे बाळापुढे ठेवले. दहा महिन्यांच्या १६ पैकी १४ बाळांनी आणि सहा महिन्यांच्या १२ पैकी १२ बाळांनी साहाय्य करणाऱ्याकडे हात नेला. माणूस चांगुलपणाची ओढ घेऊनच जन्मतो असे त्यावरून वाटले, आणि ही गोष्ट जगभर सांगितली गेली. कोणालाही आवडेल अशीच ती आहे.

परंतु पोत्याच्या तोंडाशी असलेला माल पाहून आपण भाव ठरवत नाही. मधला, तळाचा, कडेचा माल पाहतो. या शास्त्रातील लोकांनीही तेच केले. निरनिराळ्या देशांतील ३७ प्रयोगशाळांनी एकत्र येऊन, एकच पद्धत आधी लेखी ठरवून, हजाराहून अधिक बाळांना बोलावून पडताळणी केली. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बाळांचा कल साहाय्य करणाऱ्याकडे दिसला नाही, निवड जवळजवळ निम्मी-निम्मी झाली. मूळ प्रयोग करणाऱ्या हॅम्लिन स्वतः या पडताळणीत सहभागी होत्या. ज्या मालावर आपले नाव झाले, तो पुन्हा तराजूत घालण्यास त्या पुढे आल्या आणि आलेले वजन त्यांनी जाहीर केले. याचा अर्थ बाळांना भल्या-बुऱ्याची जाण नसते असा नव्हे, या रीतीने ती दिसली नाही एवढाच. शोध चालू आहे. तोटा ताळेबंदात दाखवण्याचे धैर्य किती जणांजवळ असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सांगलीस परतल्यावर बंधू घरी आले. मी त्यांना म्हणालो, “तुमची मुलगी मुले खेळवत नाही. ती मापाडी आहे, आणि तिच्या मापावर दुसऱ्याचे माप चालते.” त्यांची काळजी मात्र निराधार नव्हती, हेही मी मान्य केले. तिची नेमणूक संशोधनाच्या अनुदानावर आहे. अनुदान संपले की पुढचे पाहावे लागते, आणि वेतन संगणकाच्या नोकरीइतके नाही. तिने हे सारे जाणून हे काम पत्करले आहे. मी तिला परत आणले नाही. ते स्थळ पुढे गेले नाही. तिच्या परिचयपत्रातील ‘व्यवसाय’ या रकान्यात पूर्वी ‘परदेशात नोकरी’ असे होते. तेथे आम्ही दोघा भावांनी बसून लिहिले: ‘विद्यापीठात बालविकास संशोधन; तान्ह्या मुलांचे शिकणे कसे घडते याचा अभ्यास.’ ज्या घराला हे वाचून दुसरा प्रश्न विचारावासा वाटेल, ते घर तिच्याजोगे.

या विद्येसाठी परदेशीच जावे लागते असेही नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकास विभाग आहे आणि त्याला जोडलेली चेतन बालवाडी आहे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातही हा विषय शिकवला जातो. आपल्या मुलींनी वाणिज्य शाखेच्या पलीकडे पाहिले, तर ही दारे उघडी आहेत.

समाजबांधवांना शेवटी एक विनंती. बाळांविषयीचे आजवरचे बहुतांश संशोधन पाश्चात्त्य देशांतील घरांवर झालेले आहे. आपल्या घरात आजी कानडी बोलते, आई मराठी, दुकानातून गुजराती किंवा मारवाडी कानांवर पडते, आणि बाळ ते सारे ऐकत पाळण्यात पडलेले असते. अशा बाळाचा कान कसा घडतो, हे आपल्याच घरांतून कळू शकेल. एखाद्या विद्यापीठातून कोणी विद्यार्थिनी आली आणि तिने नातवाचा अर्धा तास मागितला, तर तिच्याकडे परवानगीपत्र आहे ना ते नीट वाचावे, शंका विचाराव्यात, मन मानत नसेल तर नकार द्यावा. मात्र ‘मुलांशी खेळायला आली आहे’ असे म्हणून तिला दारातून परत पाठवू नये.