मोठ्या आकड्याची भूल

आमच्या धंद्यात कोड लिहिण्यापेक्षा तो मागवणंच जास्त. साधं ॲप उभं करायचं तरी शेकडो पॅकेजेस उतरतात. बहुतेक कुणी उघडूनही पाहिलेली नसतात. आणि पॅकेजमधली स्क्रिप्ट ते इन्स्टॉल होतानाच आपल्या मशीनवर चालू शकते. हे सांगितलं की नवी मुलं चमकतात.

फेब्रुवारी २०२१मध्ये ॲलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने याच सवयीवर बोट ठेवलं. पेपालच्या कोडमध्ये त्याला कंपनीपुरत्या खासगी पॅकेजेसची नावं दिसली. तीच नावं त्याने सार्वजनिक भांडारात स्वतः नोंदवली आणि आवृत्तीचा आकडा भलामोठा ठेवला. पायथनची पॅकेजेस उतरवणाऱ्या 'पिप'ला आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही भांडारं दाखवलेली असली, तर तो मोठा आकडा उचलतो. मालक कोण, हे विचारत नाही. ॲपल, मायक्रोसॉफ्टसह ३५हून अधिक कंपन्यांत त्याचा कोड चालला. पासवर्ड फोडावा लागला नाही, की कुणाला फसवा मेल धाडावा लागला नाही. त्याने निदान कंपन्यांना कळवलं. २०२२च्या नाताळात पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीच्या 'टॉर्चट्रायटन' पॅकेजचं नाव वापरणाऱ्याच्या कोडने तर लोकांच्या एसएसएच किल्ल्या बाहेर पाठवल्या.

नावड्यात आमच्या इमारतीतले बरेच जण तळोजा एमआयडीसीत कामाला. शेजारचे काका तिथे लॅबमध्ये आहेत. पुरवठादार कितीही जुना असो, सॅम्पल पास झाल्याशिवाय त्यांच्याकडे टँकर खाली होत नाही. माझं काम ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुमच्यात टँकर आधी खाली करता आणि सॅम्पल नंतर बघता?" मला उत्तर सुचलं नाही.

आता आमचं सगळं एकाच भांडारातून येतं, लॉक फाइलमधला हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, जुळला तरच. इन्स्टॉल स्क्रिप्ट बंद. नवी आवृत्ती काही दिवस न वापरता तशीच ठेवतो. यावर टीममध्ये कुरकुर होते, आणि सुरक्षेची दुरुस्ती असेल तर थांबणंही धोक्याचं, म्हणून तिथे माणूस बसून बघतो. पण सप्टेंबर २०२५मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' ही पॅकेजेस सांभाळणाऱ्या खऱ्या माणसाचंच खातं फिशिंगने गेलं, तेव्हा विषारी आवृत्त्या काही तासांतच काढल्या गेल्या. थांबलेले वाचले.

सेबीच्या २०२४च्या सायबर चौकटीत सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी मागितली आहे. चांगलंच झालं. पण नाव आणि आवृत्तीवर समाधान मानू नका. माल कुठून आला, तेही विचारा. तुमच्या खासगी पॅकेजेसची नावं आजच सार्वजनिक भांडारात शोधून पाहा. सापडली, आणि ती तुम्ही ठेवलेली नसतील, तर आधी बिल्ड थांबवा.