फ्रीझरातली मुदत ठेव

माझ्या सासुरवाडीला, म्हणजे बारामतीजवळच्या पिंपळीला, फ्रीझरची रीतसर वाटणी झालेली आहे. डावीकडे वहिनींचा आमरस आणि मटार, उजवीकडे अण्णांचे फोटोच्या फिल्मचे अकरा रोल. मधे बर्फाचा ट्रे. दर उन्हाळ्यात आमरसाचे डबे हा ट्रे ओलांडतात आणि दोन-चार दिवस घरात बोलाचाली बंद असते.

अण्णा म्हणजे माझे थोरले मेहुणे. डिजिटल कॅमेऱ्यापुढे हात टेकून एका फोटोवाल्यानं दुकान गुंडाळलं, तेव्हा अण्णांनी हे रोल उचलले. ऊटीला 1960 साली सरकारनं काढलेला 'इंदू' फिल्मचा कारखानासुद्धा जिथे टिकला नाही, तिथे फोटोवाल्याची काय कथा!

फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. रंगीत फिल्ममध्ये जोडीला रंग तयार करणारी रसायनं. ही मंडळी उकाड्यात स्वस्थ बसत नाहीत. उजेडाचं तोंडही न पाहता फिल्म हळूहळू धुरकटते, रंगांचा तोल जातो. पिंपळीचा मे महिना चाळीस अंशांचा. माणसांचासुद्धा तोल जातो. उणे 18 अंशांत मात्र सगळं मंदावतं आणि डबीवरची तारीख उलटली तरी फिल्म वर्षानुवर्षं चालते. थोडक्यात, मुदत ठेव. पण आमच्या बँकेत ठेवीवर व्याज तरी मिळतं, इथे मुद्दल वाचलं तरी पेढे वाटायचे. तेही पुरतं वाचत नाहीच. आकाशातून येणारे वैश्विक किरण फ्रीझरचं दार वाजवून येत नाहीत, आणि 100 च्या फिल्मपेक्षा 400 ची फिल्म त्यांना लवकर बळी पडते. अण्णांचे अकराच्या अकरा 400 चे.

"अहो, पुण्याला सरकारसुद्धा हेच करतं," अण्णा सांगतात. खरं आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथे 1964 पासून आहे आणि रंगीत चित्रपट जास्त गारव्यात ठेवावे लागतात.

"त्यांच्या गारव्यात आमरस ठेवायचा असतो का?" वहिनी विचारतात. याला सरकारकडे उत्तर नाही.

हे रोल अण्णांनी राखले होते नातीच्या लग्नासाठी. नात चौथीत. गेल्या दिवाळीत सासूबाईंनी विषय काढला. वय ऐंशीच्या पुढे. "अरे, माझा एक फोटो काढ की."

"आई, मोबाईलवर काढतो."

"त्यातले दिसतात कुठं? भिंतीवर लावायचा काढ. तुझ्या नातीच्या लग्नापर्यंत मला कुठल्या फ्रीजात ठेवणार आहेस?"

अण्णा उठले, एक डबी काढली आणि म्हणाले, "आता तीन तास थांब." गार रोल लगेच उघडला तर हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते, डाग पडतात. डबी बंद ठेवूनच तो खोलीच्या तपमानाला येऊ द्यावा लागतो. सासूबाई ठेवणीतलं नऊवारी नेसून, नथ घालून ओसरीवर बसल्या. समोर स्टुलावर डबी. येणारा-जाणारा विचारी, "कोण यायचंय?" त्या डबीकडे बोट दाखवीत.

अखेर फोटो निघाला. पण रोल छत्तिसाचा! उरलेले पस्तीस निघाल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा अण्णांचा बाणा.

"मग लग्नापर्यंत मी त्या कॅमेऱ्यातच का?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, जरा आळीत हाका मारा."

मी मारल्या. शेजारच्या काकू आल्या, उसाच्या टोळीतलं एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं, दूधवाला सायकलसकट आला. अण्णा प्रत्येक खटक्याला कण्हत होते. उजेड जाईस्तोवर छत्तीस संपले.

रोल मुंबईला पाठवून धुतला. फोटो थोडे धुरकट आलेत, सावल्यांत हिरवट झाक आहे. सासूबाईंच्या नथीतले मोती मात्र मोजता येतात. त्या उसाच्या जोडप्याला त्यांची प्रत द्यायला अण्णा स्वतः कोपीपर्यंत चालत गेले.

फ्रीझरात आता दहा रोल आहेत. अकराव्याच्या जागी मटाराची पिशवी बसते का, हे वहिनींनी त्याच रात्री बघून ठेवलंय. बसते.