पित्त उठले आणि छातीत दुखू लागले

तिरुवल्लिकेणीचे इंग्रजांनी ट्रिप्लिकेन केले आणि नोकरीसाठी चेन्नईत आलेल्या तरुणांनी तिथे आपले बिऱ्हाड थाटले. पार्थसारथी मंदिराच्या परिसरात ‘मॅन्शन’ नावाची लॉजेस कितीतरी. लहानशी खोली, सामायिक न्हाणीघर, जेवण मेसमध्ये. संध्याकाळी पाय मोकळे करायला मरीनाचा किनारा जवळच आणि तिथे गाड्यांवर तळलेली मासळी.

समजा, नागपूरहून आलेला एखादा मुलगा तिथे कोळंबी खाऊन खोलीवर परतला. थोड्याच वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. घरी फोन केला तर आई म्हणणार, ‘‘पित्त उठलंय रे, आमसुलाचं पाणी लाव अंगाला.’’ (तमिळ मुलखात आमसूल शोधता शोधताच रात्र जायची!) नुसत्या खाजेपुरते ते ठीक. पण पाठोपाठ छाती आवळल्यासारखी झाली, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते साधे पित्त नव्हे आणि गॅस तर नव्हेच.

ग्रीसमधील डॉ. निकोलस कौनिस यांनी १९९१ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह या दुखण्याचे वर्णन केले. आज ते ‘कौनिस सिंड्रोम’ म्हणून ओळखले जाते. वावडे असलेली वस्तू शरीरात गेली की ‘मास्ट’ पेशी हिस्टामिनसारखी रसायने बाहेर टाकतात. या पेशी त्वचेत असतात, तशाच हृदयात आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांभोवतीही असतात. त्यामुळे धमनी एकाएकी आकुंचन पावते. आत आधीच चरबीचा थर असेल तर तो फुटून गुठळी होऊ शकते, बसवलेल्या स्टेंटमध्येसुद्धा. पण धमन्या अगदी स्वच्छ असलेल्या तरुणालाही हा त्रास होतो, आणि ‘या वयात कसला हार्ट अटॅक!’ म्हणून वेळ दवडला जातो. कारण कोळंबीच हवे असेही नाही. गांधीलमाशीचा डंख, एखादे अँटिबायोटिक, अंगदुखीची साधी गोळीही पुरते.

उपचार करणाऱ्यांचीही इथे परीक्षाच असते. तीव्र अ‍ॅलर्जीत रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो. तेव्हा मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. मात्र तेच औषध हृदयावर ताणही आणू शकते. म्हणून रुग्णालयात पोहोचल्यावर ‘छातीत दुखतंय’ एवढेच सांगून थांबू नये. काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, अंगावर गांधी होत्या का, हे न विचारता सांगावे. शर्टाखालच्या गांधी कुणाला दिसत नाहीत. बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल तर तीही सांगावी, कारण तिच्यामुळे अ‍ॅड्रेनालिनचा गुण कमी येतो. ईसीजी आणि ट्रोपोनिनची तपासणी होईल. बरे वाटले तरी काही तास तिथेच थांबावे. त्रास पुन्हा उलटू शकतो.

एकट्याने राहणाऱ्याने अशा वेळी आतून कडी लावून पडून राहू नये. शेजारच्या खोलीतल्याला हाक मारावी, १०८ ला फोन करावा. चक्कर येत असेल तर आडवे होऊन पाय उंच ठेवावेत, एकदम उठू नये. दम लागत असेल तर बसावे. ज्याला वावडे ठाऊक आहे त्याने पाकिटात त्याची चिठ्ठी ठेवावी, आणि तिरुवल्लिकेणीत राहायचे तर ती तमिळमध्येही लिहून घ्यावी. मेसचा वाढपी आनंदाने लिहून देईल.